पृथ्वी जिवंत आहे म्हणजे नेमकं काय? गाया सिद्धांत, डेझींचा ग्रह आणि दख्खनचा दगड

एखाद्या ग्रहावर जीवसृष्टी आहे की नाही, हे तिथे न उतरता कसं ओळखायचं? १९६० च्या दशकात नासा मंगळावर यानं पाठवण्याच्या तयारीत होती, तेव्हा हा प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत बहुतेक जण मंगळाची माती उकरून त्यात सूक्ष्मजीव शोधणारी उपकरणं रचत होते. तिथे सल्लागार म्हणून आलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी वेगळीच वाट सुचवली: माती नको, हवा तपासा. ग्रहावर जीव असतील तर ते हवेतून काही घेणार, हवेत काही सोडणार, आणि त्याची खूण हवेच्या घटकांत उमटल्याशिवाय राहणार नाही.

१९६५ मध्ये दुर्बिणींतून मिळालेल्या मोजमापांनी दाखवलं की मंगळ आणि शुक्र या दोघांच्याही हवेत जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइडच आहे. आजचे आकडे मंगळासाठी सुमारे ९५ टक्के आणि शुक्रासाठी ९६ टक्के. तिथले वायू एकमेकांशी जी काही प्रक्रिया करायची ती कधीच करून बसले आहेत. पृथ्वीवर मात्र ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि जेमतेम ०.०४ टक्के कार्बन डायऑक्साइड. त्यातही सगळ्यात विलक्षण गोष्ट अशी की या ऑक्सिजनसोबत मिथेनही आहे, दर दशलक्ष भागांत सुमारे १.९ भाग. सूर्यप्रकाशात हे दोन वायू एकत्र टिकत नाहीत. मिथेनचा रेणू साधारण दहा वर्षांत जळून जातो. तरीही तो हवेत आहे, याचा अर्थ कुणीतरी तो सतत भरून काढतंय. आज दरवर्षी सुमारे ६० कोटी टन मिथेन हवेत जातो. त्यातला अर्ध्याहून अधिक भातशेती, गुरं, कचऱ्याचे ढीग, कोळशाच्या खाणी आणि नैसर्गिक वायूच्या गळतीतून येतो, बाकीचा मुख्यतः दलदलीतल्या सूक्ष्मजीवांकडून. ऑक्सिजनचंही तसंच. प्रकाशसंश्लेषण थांबलं तर खडकांतलं लोह आणि गंधक गंजत गंजत काही दशलक्ष वर्षांत हवेतला ऑक्सिजन संपवून टाकतील.

म्हणजे आपण ज्या हवेत श्वास घेतो ती जीवांनी घडवलेली आणि रोज राखलेली गोष्ट आहे. जीव आणि त्यांचा परिसर मिळून पृथ्वी स्वतःला जगण्याजोगी राखते, असं सांगणाऱ्या गाया सिद्धांताची सुरुवात इथून झाली. पृथ्वीदेवीचं हे ग्रीक नाव लव्हलॉक यांना त्यांचे शेजारी, कादंबरीकार विल्यम गोल्डिंग यांनी सुचवलं. कल्पनेला जीवशास्त्राचा पाया दिला तो अमेरिकेच्या लिन मार्ग्युलिस यांनी. सूक्ष्मजीवांचा त्यांचा अभ्यास गाढा होता, आणि हवेतल्या वायूंची खरी देवाणघेवाण झाडांइतकीच जंतूही करतात, हे त्यांनी ठासून मांडलं. दोघांचे संयुक्त लेख १९७४ मध्ये आले.

दुसरा पुरावा सूर्याचा. तरुण ताऱ्यांचं तेज कमी असतं आणि ते हळूहळू वाढतं. पृथ्वी जन्मली तेव्हा, सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी, सूर्य आजच्यापेक्षा अंदाजे ३० टक्के मंद होता. आजची हवा त्या सूर्याखाली ठेवली तर समुद्र गोठून जायला हवेत. प्रत्यक्षात चार अब्ज वर्षांइतक्या जुन्या काळापासून द्रवरूप पाण्याच्या खुणा सापडतात. सूर्य तापत गेला, तरी पृथ्वीचं तापमान काही मोठे झोके सोडले तर पाणी वाहतं राहील अशाच टापूत राहिलं. बाहेरची परिस्थिती बदलत असताना आतली परिस्थिती स्थिर राखणं, याला शरीरशास्त्रात स्वनियमन म्हणतात. पृथ्वीला सजीव म्हणण्यामागे आधार आहे तो याचा.

जीवशास्त्रज्ञांनी या कल्पनेवर कडक टीका केली, आणि ती रास्त होती. १९८१ मध्ये फोर्ड डूलिटल यांनी आणि पुढच्या वर्षी रिचर्ड डॉकिन्स यांनी मुद्दा काढला की सजीवांतलं नियमन नैसर्गिक निवडीतून येतं. ज्यांना ते जमतं ते टिकतात, पिल्लं घालतात. ज्यांना जमत नाही ते मरतात. पृथ्वीला पिल्लं होत नाहीत, तिचे प्रतिस्पर्धी ग्रह मरून गेलेले नाहीत. मग हे नियमन आलं कुठून? साऱ्या जीवांनी बैठक घेऊन तापमान ठरवलं का?

याला लव्हलॉक आणि अँड्र्यू वॉटसन यांनी १९८३ मध्ये गणिताने उत्तर दिलं. त्यांनी कल्पनेतला एक ग्रह घेतला, ज्यावर फक्त दोन प्रकारची डेझीची फुलं उगवतात, काळी आणि पांढरी. काळी फुलं ऊन शोषतात, पांढरी परतवतात. दोघांनाही एकच तापमान आवडतं. कुणालाही ग्रहाची चिंता नाही. हा नमुना इतका साधा आहे की एक्सेलमध्ये कुणालाही तो उभा करता येतो, आणि वाचून जे कळत नाही ते स्वतः आकडे फिरवून कळतं. म्हणून कृती सविस्तर देत आहोत.

ग्रहावर पडणारं ऊन धरा ९१७ वॅट प्रति चौरस मीटर, आणि त्याला एका ‘तेज’ गुणकाने गुणा. हा गुणक ०.६ पासून १.६ पर्यंत वाढवत न्यायचा, तोच म्हाताऱ्या होत जाणाऱ्या सूर्याचा आकडा. परावर्तन, म्हणजे पडलेल्या उन्हातला परतवला जाणारा भाग: काळ्या फुलांचं ०.२५, उघड्या जमिनीचं ०.५०, पांढऱ्या फुलांचं ०.७५. सुरुवातीला दोन्ही फुलांना जमिनीचा प्रत्येकी १ टक्का द्या. प्रत्येकाचं क्षेत्र गुणिले त्याचं परावर्तन, यांची बेरीज म्हणजे ग्रहाचं सरासरी परावर्तन. आता ग्रहाचं तापमान काढा: ९१७ × तेज × (१ − सरासरी परावर्तन), याला ०.०००००००५६७ ने भागा, उत्तराचं वर्गमूळ दोनदा घ्या आणि २७३ वजा करा. फुलांच्या ताटव्यावरचं तापमान वेगळं असतं: ग्रहाचं तापमान + २० × (सरासरी परावर्तन − त्या फुलाचं परावर्तन). वाढीचा दर = १ − ०.००३२६५ × (२२.५ − ताटव्याचं तापमान)², वर्ग फक्त कंसाचा. म्हणजे २२.५ अंशांना वाढ सगळ्यात जोमदार, ५ अंशांखाली आणि ४० अंशांवर शून्य. शेवटी नवं क्षेत्र = जुनं क्षेत्र + ०.१ × जुनं क्षेत्र × (मोकळी जमीन × वाढीचा दर − ०.३). यातला ०.३ हा मरण्याचा दर, आणि मोकळी जमीन म्हणजे १ वजा दोन्ही फुलांचं क्षेत्र. ही ओळ पाचशे वेळा खाली ओढा, मग तेज थोडं वाढवा आणि पुन्हा तेच करा. तेजाच्या प्रत्येक नव्या टप्प्याला फुलांची सुरुवात आधीच्या टप्प्याच्या शेवटच्या क्षेत्रावरून करायची.

चुका बहुधा दोन ठिकाणी होतात. वाढीचा दर उणे झाला तर त्याला शून्य करायचं राहून जातं. फुलांचं क्षेत्र एक टक्क्याच्या खाली जाऊ दिलं जातं. मग बीजच संपतं आणि पुढे परिस्थिती सुधारली तरी फुलं परतत नाहीत. 

सगळं नीट जमलं तर काय दिसतं? तेज सुमारे ०.७२ झालं की काळी फुलं एकदम पसरतात, कारण थंड ग्रहावर त्यांचाच ताटवा उबदार असतो. ग्रहाचं तापमान ३ अंशांवरून जवळजवळ २४ अंशांवर जातं. पुढे सूर्य तापत जातो तशी पांढरी फुलं वाढतात, काळी घटतात. तेज ०.८ वरून १.३ वर नेलं तर फुलं नसलेला ग्रह ११ अंशांवरून ४७ अंशांवर जातो. फुलांचा ग्रह त्याच काळात २५ अंशांवरून २० अंशांवर येतो. सूर्य तापतोय आणि ग्रह किंचित थंड होतोय! कुणीही बैठक घेतलेली नाही. प्रत्येक फूल आपापल्या सोयीने वाढलं, आणि त्या वाढीचा परिणाम तापमानावर झाला, तापमानाचा परिणाम पुन्हा वाढीवर. या उलट्या वळणाला ऋण फीडबॅक म्हणतात. डूलिटल-डॉकिन्स यांच्या आक्षेपाला हे पूर्ण उत्तर नाही, कारण खऱ्या पृथ्वीवर प्रत्येक जीव स्वतःला उपकारक अशाच दिशेने परिसर बदलतो असं मुळीच नाही. पण हेतू नसतानाही नियमन होऊ शकतं, एवढं त्यातून निर्विवाद सिद्ध झालं.

याच नमुन्यातला दुसरा निकाल सहसा सांगितला जात नाही, आणि आपल्या दृष्टीने तोच जास्त महत्त्वाचा आहे. तेज १.५ पर्यंत नेलं तरी ग्रह सुखात असतो, २६-२७ अंशांच्या आसपास. मग १.५४ च्या थोडं पुढे गेलं की पांढऱ्या फुलांना उन्हाची भरपाई जमेनाशी होते, ती मरू लागतात, त्यामुळे जमीन आणखी तापते, त्यामुळे आणखी मरतात. ग्रह ३१ अंशांवरून थेट ६१-६२ अंशांवर उडी मारतो. घाबरून तेज पुन्हा १.५ वर आणलं तरी फुलं परत येत नाहीत. १.४ वरही नाही. ती परततात १.२२ च्या आसपास. जिथे कोसळलं तिथून परत चढता येत नाही, खूप मागे जावं लागतं. शिवाय कोसळण्याच्या थोडं आधीपर्यंत तापमानाच्या आलेखात धोक्याचं लक्षण फारसं दिसत नाही, कारण तोवर नियमन यंत्रणा ओझं झाकून ठेवते.

आता कल्पनेतल्या ग्रहावरून खऱ्या पृथ्वीकडे येऊ. इथे तापमान राखण्याचं सगळ्यात मोठं काम फुलं करत नाहीत, खडक करतात. पावसाच्या थेंबात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि अगदी सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होतं. ते बेसाल्ट, ग्रॅनाइट अशा सिलिकेट खडकांना हळूहळू विरघळवतं. याला भूगोलात रासायनिक विदारण म्हणतात. त्यातून सुटलेलं कॅल्शिअम आणि बायकार्बोनेट नद्यांतून समुद्रात जातं, तिथे प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), शिंपले आणि प्रवाळ त्याचे चुन्याचे कवच-सांगाडे करतात. कवच घडताना दर दोन बायकार्बोनेटमागे एक कार्बन डायऑक्साइड परत सुटतो, एक कवचात अडकतो. कवचं तळाशी साचून चुनखडक होतो. लाखो-कोट्यवधी वर्षांनी तळ पृथ्वीच्या पोटात ढकलला जातो, तापतो आणि तो वायू ज्वालामुखीतून परत हवेत येतो.

नियमन कुठे आहे? हवामान तापलं की पाऊस वाढतो, रासायनिक क्रिया वेगाने होतात, विदारण वाढतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड जास्त ओढला जातो आणि पृथ्वी थंड होते. फार थंड झाली की विदारण मंदावतं, ज्वालामुखींचा वायू साचतो, पृथ्वी पुन्हा ऊब धरते. वॉकर, हेज आणि कास्टिंग या तीन शास्त्रज्ञांनी हे १९८१ मध्ये मांडलं. यात जीवांचा हातभार मोठा आहे: मुळं आणि जंतू जमिनीत श्वास सोडतात, त्यामुळे मातीच्या पोकळ्यांतला कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या दहापट ते शंभरपट असतो. दगडफूल खडकाला चिकटून आम्ल सोडतं. जीव नसते तरी हे चक्र चाललं असतं, पण बऱ्याच जास्त तापमानावर.

मराठी माणसाला हे चक्र पाहायला लांब जावं लागत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून दख्खनचा काळा दगड तयार झाला. आजही तो जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर पसरला आहे. बेसाल्ट ग्रॅनाइटपेक्षा फार लवकर विरघळतो, आणि उष्ण, पावसाळी प्रदेशात तर आणखीच. नर्मदा, तापी, वैनगंगा यांच्या पाण्याच्या तपासणीतून हा वेग मोजला गेला आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावरचा आणि कोकणातला जांभा म्हणजे याच विदारणाचा उरलेला चोथा: कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, सोडिअम आणि बरीचशी सिलिका पावसाने धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनिअम मागे राहिलं, म्हणून त्याचा रंग तांबडा. घाटाच्या पूर्वेला पाऊस कमी, तिथे सुटलेलं कॅल्शिअम समुद्रापर्यंत पोचतच नाही; काळ्या मातीतच चुनखडीचे खडे होऊन बसतं. शेतकरी ज्या चुनखडीवर वैतागतो ती या चक्राची अर्ध्या वाटेवर थांबलेली अवस्था आहे.

या नियंत्रणाला एकच मर्यादा आहे, आणि ती आपल्या दृष्टीने निर्णायक ठरते. त्याला फार वेळ लागतो. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी काही हजार वर्षांत प्रचंड कार्बन हवेत आला आणि पृथ्वी ५ ते ६ अंशांनी तापली. विदारणाने तो कार्बन परत खडकात घातला खरा, पण त्याला दीड ते दोन लाख वर्षं लागली. आपण आज ज्या वेगाने कार्बन सोडतोय तो त्या घटनेच्या अंदाजे दहापट आहे.

जीव, हवा, पाणी आणि माती यांच्यातल्या बाकीच्या जोडण्यांपैकी काही चटकन सांगता येतील. आफ्रिकेतल्या चाड देशात वाळलेल्या तळ्याच्या जागी बोडेले नावाचा खोलगट भाग आहे. तिथली आणि एकूण सहाराची धूळ अटलांटिक ओलांडून दरवर्षी ॲमेझॉनच्या जंगलावर पडते आणि पावसाने धुऊन जाणाऱ्या फॉस्फरसची भरपाई करते. उपग्रहांच्या मोजणीनुसार हा फॉस्फरस वर्षाला सुमारे २२ हजार टन. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी दाखवलंय की पश्चिम घाटातल्या जंगलांनी सोडलेली वाफ पुढे तमिळनाडूच्या पावसात लक्षणीय भर घालते, विशेषतः पाऊस कमी असलेल्या काळात. सगळ्याच जोडण्या टिकल्या असंही नाही. समुद्री प्लवकांतून निघणारा एक गंधकयुक्त वायू ढग वाढवून पृथ्वी थंड राखतो, ही १९८७ ची कल्पना फार गाजली. पुढच्या मोजमापांत तो परिणाम अपेक्षेपेक्षा बराच दुबळा निघाला.

मग पृथ्वी सजीव आहे का? शब्दशः नाही. ती प्रजनन करत नाही, तिच्यात एकच जनुकसंच नाही, आणि ती आपली आई असल्यासारखी काळजीही घेत नाही. साधारण २.४ अब्ज वर्षांपूर्वी नीलहरित जंतूंनी सोडलेला ऑक्सिजन हवेत साचू लागला, तो तेव्हाच्या बहुतेक जीवांना विषारी होता. त्याने ऊब देणारा मिथेनही संपवला, आणि त्यानंतरच्या भीषण हिमयुगामागे हेच कारण असावं असं मानलं जातं. पुढे ७२ ते ६३ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातही पृथ्वी दोनदा जवळजवळ पूर्ण गोठली. मात्र हवा, पाणी, खडक आणि जीव मिळून एक स्वनियमन करणारी यंत्रणा आहे, हे विधान २००१ च्या ॲमस्टरडॅम घोषणापत्रापासून पृथ्वीविज्ञानाचा मुख्य प्रवाह मानतो. सजीव ही उपमा तिथपर्यंतच ताणावी. त्यापुढे ताणली की ‘निसर्ग आपोआप सावरून घेईल’ अशी खोटी निश्चिंती येते, आणि ती या विषयातली सगळ्यात घातक समजूत आहे.

सावरणं आज किती चाललंय, याचा हिशेब आपल्याला करता येतो. कोळसा, तेल, वायू आणि सिमेंटमधून वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जंगलतोडीतून आणखी चारेक अब्ज टन. हवेत एक पीपीएम (दर दशलक्ष भागांत एक भाग) वाढ व्हायला ७.८ अब्ज टन लागतात. म्हणजे वाढ दरवर्षी पाच पीपीएमच्या वर असायला हवी. ती असते अडीचच्या आसपास. उरलेला अर्धा वायू जंगलं आणि माती (साधारण ३० टक्के) आणि समुद्र (साधारण २५ टक्के) गिळतात. हवाईतल्या माउना लोआ वेधशाळेत १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ पीपीएम होते. २०२४ ची सरासरी ४२५ च्या घरात आहे. बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळतं की औद्योगिक क्रांतीआधीच्या आठ लाख वर्षांत हा आकडा साधारण १७० ते ३०० च्या बाहेर गेलेला नव्हता. माउना लोआच्या आलेखात आणखी एक सुंदर गोष्ट दिसते: उत्तर गोलार्धातली झाडं पालवतात तसा मे महिन्यानंतर आकडा सहा-सात पीपीएमनी उतरतो आणि पानगळीनंतर पुन्हा चढतो.

ही अर्धी मदत फुकट मिळत नाही. समुद्राने वायू गिळला की त्याचं आम्ल होतं. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच ८.२ वरून ८.१ च्या खाली आलाय. एवढासा फरक वाटतो, पण पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, त्यामुळे आम्लता जवळपास ३० टक्क्यांनी वाढली. त्यात कवचं घडवणाऱ्या जीवांना लागणारं कार्बोनेट कमी पडतं, म्हणजे कार्बन खडकात घालणाऱ्या कारागिरांच्याच हातातलं साहित्य आपण काढून घेतोय. शिवाय पाणी जितकं कोमट तितका त्यात वायू कमी मुरतो. जमिनीवरची शोषणक्षमता एल निनोच्या कोरड्या वर्षांत घसरते. तापमान वाढत जाईल तसे दोन्ही गिऱ्हाईक माल कमी उचलू लागतील.

दुसरं नुकसान म्हणजे धन फीडबॅक जागे होणं. ऋण फीडबॅक बदलाला विरोध करतो, धन फीडबॅक त्याला खतपाणी घालतो. सभेत माइक स्पीकरसमोर आला की बारीक आवाज स्वतःवरच वाढत जाऊन कानठळ्या बसवणारी शिट्टी होते, ते धन फीडबॅकचं काम. आर्क्टिक समुद्रावरचा बर्फ ऊन मोठ्या प्रमाणात परतवतो, उघडं पाणी जेमतेम सहा टक्के. बर्फ वितळला की पाणी तापतं, तापलं की आणखी बर्फ वितळतो. १९७९ नंतरच्या नोंदींनुसार आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलंय. सायबेरिया, अलास्का, कॅनडातल्या कायम गोठलेल्या जमिनीत सुमारे १५०० अब्ज टन कार्बन आहे, हवेतल्या कार्बनच्या दुप्पटीच्या जवळ. ती वितळली की जंतू हा साठा खाऊन कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन सोडतात.

ॲमेझॉनचं उदाहरण डेझींच्या ग्रहाच्या सगळ्यात जवळचं आहे. तिथला पाऊस बराचसा जंगलच पुन्हा पुन्हा वापरतं: अटलांटिकवरून आलेली वाफ पावसात पडते, झाडं ती पानांतून परत हवेत सोडतात, वारा ती पश्चिमेला नेतो, पुन्हा पाऊस. पूर्वेकडचं जंगल तोडलं की पश्चिमेकडचं जंगल तहानतं, वाळतं, पेटतं. २० ते २५ टक्के जंगल गेलं तर मोठा भाग परत न येणाऱ्या गवताळ प्रदेशात बदलू शकतो, असा इशारा थॉमस लव्हजॉय आणि कार्लोस नोब्रे यांनी २०१८ मध्ये दिला. सुमारे १७ टक्के आधीच गेलंय. आग्नेय ॲमेझॉन आता जितका कार्बन शोषतो त्याहून जास्त सोडतो, हे विमानातून घेतलेल्या हवेच्या नमुन्यांवरून २०२१ मध्ये दिसून आलं. इथे डेझींच्या ग्रहावरचे दोन आकडे आठवावेत: कोसळण्याचा १.५४ आणि परतण्याचा १.२२.

शास्त्रज्ञ योहान रॉकस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी २००९ पासून अशा नऊ मर्यादा आखल्या आहेत, ज्या ओलांडल्या की पृथ्वीची घडी विस्कटण्याचा धोका वाढतो: हवामान, जैवविविधता, जमिनीचा वापर, गोडं पाणी, नायट्रोजन-फॉस्फरस, नवी रसायनं, समुद्राची आम्लता, हवेतले सूक्ष्म कण, ओझोन. २०२३ मध्ये सहा ओलांडल्याचं जाहीर झालं. २०२५ च्या मूल्यमापनात समुद्राची आम्लता सातवी.

सुरक्षित राहिलेल्या दोनांत ओझोन आहे, आणि ते आपोआप घडलेलं नाही. हवेत क्लोरोफ्लुरोकार्बन (फ्रिज आणि स्प्रेच्या डब्यांत वापरले जाणारे वायू) जगभर पसरलेत हे प्रथम लव्हलॉक यांनीच मोजलं, १९७१-७२ मध्ये शॅकल्टन जहाजावर, स्वतः बनवलेल्या अतिसंवेदनशील उपकरणाने. हे वायू निरुपद्रवी आहेत, असा त्यांचा तेव्हाचा निष्कर्ष मात्र चुकला. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी धोका दाखवला, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं विवर जाहीर झालं, १९८७ मध्ये हे वायू बंद करण्यासाठी माँट्रिअल करार झाला. अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला यावा अशी अपेक्षा आहे. हे जमलं याचं कारण उत्पादक कंपन्या मोजक्या होत्या, पर्यायी रसायनं तयार होती, आणि श्रीमंत देशांनी गरीब देशांना बदलासाठी निधी दिला. कोळसा आणि तेलाच्या बाबतीत पहिली अट पूर्ण होत नाही, दुसरी गेल्या काही वर्षांत सौर वीज आणि बॅटरीमुळे पूर्ण होऊ लागलीय, तिसरीवर दरवर्षी भांडण होतं.

खडकांचं नियंत्रण आपणच वेगाने चालवू, असाही एक प्रयत्न सुरू आहे. बेसाल्ट दळून त्याची भुकटी शेतात पसरायची, म्हणजे विदारणाला भरपूर पृष्ठभाग मिळतो. आदर्श परिस्थितीत एक टन बेसाल्ट सुमारे ०.३ टन कार्बन डायऑक्साइड बांधतो. वर्षाचे ३७ अब्ज टन असे बांधायचे तर सव्वाशे अब्ज टन दगड दळावा लागेल. जगभर वर्षाला उपसली जाणारी सगळी वाळू आणि खडी मिळून ५० अब्ज टनांच्या आसपास भरते. म्हणून अनेक जाणकार अंदाज वर्षाला अर्धा ते दोन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडच्या आसपासच राहतात. दळण्याची वीज आणि वाहतुकीचं डिझेल त्यातून वजा करायचं, आणि कार्बन खरंच बांधला गेला की नाही हे शेतातून झिरपणाऱ्या पाण्यात मोजून पाहायचं. महाराष्ट्रात दगड मुबलक आहे, खडी क्रशरवर बारीक चुराही पडून असतो. पण मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त, अल्कधर्मी काळ्या जमिनीत ही भुकटी फारच सावकाश विरघळेल; ती माती मुळात याच दगडाची आहे. भुकटी टाकून पाहायचीच तर कोकणातली आम्लधर्मी जांभ्याची जमीन निवडावी. तिथे पाऊस भरपूर आहे, आणि धुऊन गेलेलं कॅल्शिअम-मॅग्नेशिअम पिकालाही हवंच असतं.